फळा, खडू आणि तीन किलोबाइट : प्रिअ‍ॅक्टची पहिली ओळख

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीतील एका त्रुटीची बातमी आली आणि संगणक शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एकच गलका उडाला. तीव्रतेच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळालेली ती त्रुटी अशी होती, की कोणीही परका माणूस दूर बसून, लॉगिनसुद्धा न करता, एखाद्या संकेतस्थळाच्या सर्व्हरवर मनाला येईल तो कोड चालवू शकत होता. बातमीचा तपशील नीट वाचला असता लक्षात येत होते की दोष रिअ‍ॅक्टच्या ‘सर्व्हर कंपोनंट्स’ या भागात आहे आणि ज्यांचे रिअ‍ॅक्ट केवळ वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते, त्यांना त्याची बाधा नाही. पण गलक्यात तपशील कोण वाचतो? लातूरच्या एका विद्यार्थ्याने मात्र मला वेगळाच प्रश्न विचारला. “सर, मला मामांच्या आडत दुकानाचे रोजचे भाव दाखवणारे एक पान करायचे आहे. त्यात शेतकऱ्याने वजन टाकले की रक्कम दिसली पाहिजे, बस. त्यासाठी हे एवढे सगळे लागतेच का?”

लागत नाही. मग काय लागते, हे त्याला समजावताना जे बोलणे झाले, ते येथे सविस्तर लिहितो. प्रिअ‍ॅक्ट नावाच्या एका लहानशा लायब्ररीची ओळख हा या लेखाचा विषय आहे आणि मामांचे भावफलकाचे पान हेच शेवटपर्यंतचे उदाहरण आहे.

बैठक आणि गोदाम

आडत दुकानात शिरणाऱ्याला समोरची बैठक, गादी, तराजू आणि भावाचा फळा दिसतो. मागचे गोदाम दिसत नाही. संकेतस्थळाचेही तसेच असते. वाचकाच्या फोनवर जे दिसते आणि तेथेच चालते, त्याला फ्रंटएंड म्हणतात. माहिती साठवणारा, हिशोब ठेवणारा दूरचा संगणक म्हणजे सर्व्हर. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला, आपल्या कामात जसाच्या तसा वापरता येणारा कोड. आपल्याला येथे केवळ बैठकीशी कर्तव्य आहे.

बैठकीत ब्राउझर काय करतो, तेही पाहू. त्याच्याकडे एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेली फाइल येते. ती वाचून तो पानाची एक वंशावळ तयार करतो : सर्वांत वर पान, त्याच्या पोटी तक्ता, तक्त्याच्या पोटी ओळी, ओळींच्या पोटी रकाने. या वंशावळीला डॉम असे नाव आहे. जावास्क्रिप्ट ही भाषा या वंशावळीत हात घालून एखादा रकाना बदलू शकते, नवी ओळ जोडू शकते किंवा जुनी काढून टाकू शकते. नेटस्केप कंपनीत असताना ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला होता आणि त्या घाईच्या खुणा भाषेच्या अंगावर अजूनही दिसतात. त्यांपैकी एक आपल्याला पुढे भेटणार आहे.

आता मामांचे पान घ्या. त्यावर सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या भावांचा तक्ता आहे. खाली वजनाची चौकट आहे आणि तिच्याशेजारी रक्कम येते. वर ठळक अक्षरांत ‘आजचा सर्वाधिक भाव’ आहे. सोयाबीनचा भाव बदलला की तक्त्यातला रकाना बदलावा लागतो, ज्याने वजन भरले आहे त्याची रक्कम बदलावी लागते आणि कदाचित वरची ठळक ओळही बदलावी लागते. साध्या जावास्क्रिप्टमध्ये या तिन्ही जागा आपण आठवणीने बदलायच्या असतात. तीनच असतात तोवर जमते. पुढे मामा म्हणतात की हमाली आणि तोलाई वजा करून दाखवा, मग म्हणतात की कालच्या भावाशी तुलना दाखवा, आणि जागा दहा होतात. एक विसरली तरी तक्त्यात एक भाव आणि रकमेत दुसरा, असे पान शेतकऱ्याच्या हाती पडते. हिशोबाच्या बाबतीत अशी चूक एकदाच होऊ शकते. दुसऱ्यांदा ते पान कोणी उघडत नाही.

मुनीम फळा कसा बदलतो

जुन्या पद्धतीच्या दुकानातला मुनीम डोळ्यांसमोर आणा. सौदे झाल्यावर तो आधी कागदाच्या चिठ्ठीवर सगळ्या मालाचे भाव नव्याने लिहितो. मग सकाळची चिठ्ठी शेजारी ठेवून दोन्हींवरून बोट फिरवतो. तूर तीच, हरभरा तोच, सोयाबीन मात्र बदलले. तो उठतो, फळ्यावरचा सोयाबीनचा तेवढा आकडा पुसतो आणि नवा लिहितो. सगळा फळा पुसून पहिल्यापासून लिहायचा म्हटले तर वेळ जाईल, खडू जाईल आणि फळ्याकडे पाहत उभ्या असलेल्या माणसांसमोर क्षणभर कोरी पाटी येईल.

प्रिअ‍ॅक्ट, रिअ‍ॅक्ट आणि त्यांच्या जातकुळीतल्या लायब्रऱ्या हेच करतात. आपण एवढेच सांगायचे असते की ‘भाव हे असतील, तर पान असे दिसावे’. माहिती बदलली की लायब्ररी संपूर्ण पानाची नवी चिठ्ठी लिहिते, जुन्या चिठ्ठीशी ताडून पाहते आणि खऱ्या डॉममध्ये फरकापुरताच बदल करते. या चिठ्ठीला तांत्रिक भाषेत आभासी डॉम म्हणतात; मी पुढेही चिठ्ठीच म्हणेन.

चिठ्ठी लिहिल्यामुळे पान वेगवान होते, असा एक समज पसरलेला आहे आणि तो पूर्णपणे खरा नाही. कोणता रकाना बदलायचा हे ज्याला नेमके ठाऊक आहे, त्याने थेट तोच बदलला तर त्याहून जलद काहीच असू शकत नाही. दोन चिठ्ठ्या लिहून ताडून पाहणे हे त्यावरचे जास्तीचे कामच आहे. चिठ्ठीचा खरा लाभ असा, की कोणत्या जागा बदलायच्या हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी माणसावरून उतरते. माझ्या मते एवढा लाभ पुरेसा आहे.

प्रिअ‍ॅक्ट आले कोठून

ही चिठ्ठीची पद्धत फेसबुकने २०१३ साली रिअ‍ॅक्ट सर्वांसाठी खुले केले तेव्हापासून घरोघरी पोहोचली. त्याआधी २००६ साली आलेल्या जेक्वेरी या लायब्ररीचे राज्य होते आणि तिच्यात जागा आठवणीने बदलण्याचे काम सोपे होत असले, तरी आपल्यालाच करावे लागत असे. रिअ‍ॅक्ट वाढत गेले, त्यात सोयी आल्या आणि त्याबरोबर वजनही आले. जेसन मिलर या प्रोग्रामरने २०१५ साली रिअ‍ॅक्टचीच लेखनपद्धती ठेवून, पण आतली यंत्रणा शक्य तितकी बारीक करून प्रिअ‍ॅक्ट लिहिले.

बारीक म्हणजे किती? प्रिअ‍ॅक्टचे कर्ते ते सुमारे तीन किलोबाइटचे असल्याचे सांगतात. आकडा दाबून लहान केलेल्या फाइलचा आहे आणि आवृत्तीनुसार किंवा जोडलेल्या भागांनुसार तो थोडा वर जातो. ब्राउझरसाठी लागणारे रिअ‍ॅक्टचे दोन भाग त्याच पद्धतीने मोजले तर चाळीस किलोबाइटच्या पुढे जातात. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइट जागा घेते, म्हणजे तीन किलोबाइटमध्ये न दाबलेली जेमतेम हजार चिन्हे मावतात. आपण वाचत असलेला हा लेख दाबून पाठवला, तरीही तो या लायब्ररीपेक्षा मोठा भरेल.

हा बारीकपणा कोठून येतो, हेही पाहण्यासारखे आहे. रिअ‍ॅक्ट ब्राउझरच्या घटनांवर, म्हणजे क्लिक, टंकन वगैरेंवर, स्वतःचा एक थर चढवते, जेणेकरून सगळ्या ब्राउझरांत त्या सारख्याच वागतील. जुने ब्राउझर आपापल्या मनाने वागत, तेव्हा हा थर मोलाचा होता. प्रिअ‍ॅक्ट तो थर ठेवतच नाही. घटना थेट ब्राउझरच्याच हवाली करते. आजचे ब्राउझर बऱ्यापैकी एकसारखे वागत असल्याने हे खपून जाते. एक ठिकाण सोडून, आणि तेथेच नवशिके ठेचकाळतात, त्याविषयी पुढे.

एका फाइलमध्ये सुरुवात

रिअ‍ॅक्ट शिकायला बसलेल्या मुलाचा पहिला दिवस बहुधा साधने बसवण्यात जातो. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) बसवा, प्रकल्पाचा सांगाडा उतरवून घ्या, शेकडो पॅकेजेस, म्हणजे इतरांच्या कोडचे गठ्ठे, येईपर्यंत थांबा, आणि हॉस्टेलचे नेट मध्येच गेले तर पुन्हा थांबा. प्रिअ‍ॅक्टसाठी एक साधा टेक्स्ट एडिटर, एक ब्राउझर आणि एक एचटीएमएल फाइल एवढे पुरते.

फाइलच्या डोक्यात दोन गोष्टी न विसरता लिहाव्यात. एक म्हणजे अक्षरसंकेत यूटीएफ-८ असल्याची मेटा खूण, कारण ती नसेल तर मराठी मजकुराच्या जागी अगम्य चिन्हांचा कचरा दिसू शकतो. दुसरी म्हणजे पानाची भाषा मराठी असल्याचे सांगणारी ‘एमआर’ ही खूण. तिच्यामुळे पान वाचून दाखवणारी साधने आणि भाषांतराची सोय बावचळत नाहीत. पानाच्या अंगात एक रिकामी पेटी ठेवावी, जिच्यात प्रिअ‍ॅक्ट आपला फळा मांडेल. शेवटी ‘मॉड्यूल’ प्रकारचा स्क्रिप्टचा टॅग, म्हणजे एचटीएमएलची खूण, उघडून त्यात प्रिअ‍ॅक्ट आयात करावे. आयात ईएसएम डॉट एसएच किंवा अनपीकेजी यांसारख्या सार्वजनिक साठ्यांवरून करता येते, किंवा तीच फाइल एकदा उतरवून आपल्याजवळ ठेवता येते.

यंत्रणेचा गाभा दोन फंक्शनांत, म्हणजे नावाने बोलावता येणाऱ्या कोडच्या दोन तुकड्यांत, आहे. पहिल्याचे नाव ‘एच’. त्याला टॅगचे नाव, त्याचे गुणधर्म आणि पोटातला मजकूर दिला की ते चिठ्ठीवरची एक ओळ, म्हणजे एक साधा जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट, तयार करून देते. दुसऱ्याचे नाव ‘रेंडर’. त्याला चिठ्ठी आणि ती रिकामी पेटी दिली की फळा मांडला जातो. या दोघांवर पहिले पान उभे राहते. मात्र प्रत्येक टॅगसाठी ‘एच’ लिहीत बसणे कंटाळवाणे असल्याने बहुतेक लोक जेएसएक्स नावाची, एचटीएमएलसारखी दिसणारी लेखनपद्धती वापरतात. ती ब्राउझरला कळत नाही, तिचे आधी रूपांतर करावे लागते आणि तेथून पुन्हा साधनांचा पसारा सुरू होतो. त्यावर जेसन मिलर यांनीच एचटीएम नावाची एक चिमुकली लायब्ररी लिहिली आहे. कीबोर्डवर एस्केपच्या खाली असणाऱ्या बॅकटिक या उलट्या खुणेत एचटीएमएलसारखा मजकूर लिहायचा, बदलणाऱ्या जागी डॉलरचे चिन्ह आणि महिरपी कंस टाकायचा, आणि एचटीएम त्याची चिठ्ठी करून देते. रूपांतराची गरज उरत नाही. सुरुवात येथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण पानात जे घडते ते सगळे एकाच फाइलमध्ये डोळ्यांसमोर राहते.

एक धोंडा मात्र वाटेत आहे. सार्वजनिक साठ्यावरून आयात करणारी ही एकच फाइल दुहेरी क्लिक करून उघडली तर चालते. पण तिचे दोन तुकडे करून एकातून दुसरा, किंवा उतरवून ठेवलेली लायब्ररीची फाइल, आयात करायला गेलात, तर सुरक्षेच्या नियमांमुळे ब्राउझर नकार देतो. त्या वेळी आपल्याच संगणकावर एक लहानसा सर्व्हर चालू करावा लागतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये त्यासाठी लाइव्ह सर्व्हर नावाची जोडणी मिळते. काल चाललेले पान आज कोरे का दिसते, म्हणून एका मुलीने माझ्यासमोर संपूर्ण दुपार कोड तपासण्यात घालवली होती. कोडमध्ये काहीच चूक नव्हती.

छापील पट्टी आणि तिच्यावरचे आकडे

माल विकल्यावर शेतकऱ्याला जी हिशोबाची पट्टी मिळते, तिचा नमुना छापून ठेवलेला असतो. नाव, माल, वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. रकाने तेच, आकडे प्रत्येकाचे निराळे. प्रिअ‍ॅक्टमध्ये अशा छापील नमुन्याला कंपोनंट म्हणतात आणि तो म्हणजे निव्वळ एक फंक्शन असतो : आकडे घ्यायचे आणि त्यांच्यानुसार चिठ्ठी परत द्यायची. बाहेरून भरून दिलेल्या आकड्यांना प्रॉप्स हे नाव आहे. भावाच्या तक्त्यातली एक ओळ हा कंपोनंट केला की सोयाबीन, तूर आणि हरभरा या तिघांसाठी तो तीनदा वापरता येतो.

पण शेतकऱ्याने चौकटीत भरलेले वजन बाहेरून आलेले नसते. ते त्या पट्टीने स्वतःजवळ जपायचे असते आणि बदलले की हिशोब नव्याने मांडायचा असतो. अशा जपलेल्या माहितीला स्टेट म्हणतात. त्यासाठी ‘यूजस्टेट’ हे फंक्शन आहे. ते आपल्याला दोन गोष्टी देते : सध्याचे मूल्य आणि ते बदलण्याची किल्ली. किल्ली वापरली की प्रिअ‍ॅक्टला कळते की नवी चिठ्ठी लिहायची वेळ झाली. २०२५-२६च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. चौकटीत १२ टाकले की रक्कम ६३,९३६ यावी. बाजारात समजा ४,५०० रुपयांनीच सौदा झाला, तर तेवढ्याच वजनाचे ५४,००० येतात आणि ९,९३६ रुपयांचा फरक पानावर आपोआप उमटावा. हे सगळे लिहायला पंचवीस-तीस ओळींहून अधिक लागत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. जावास्क्रिप्टमध्ये चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात, हे फार कमी जणांना ठाऊक असते. भाषेचे स्वतःचे शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात, पण ‘रक्कम = भाव * वजन’ ही ओळ ब्राउझर बिनतक्रार समजून घेतो. चार जणांनी मिळून करायच्या कामात मी तसे करा म्हणणार नाही, कारण दर दोन शब्दांना कीबोर्ड बदलावा लागतो. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कल्पना समजावताना ती एक ओळ फार उपयोगी पडते.

नवशिक्याचा पाय कोठे अडकतो

सर्वांत आधी येते ते वर सांगितलेले घटनांचे ठिकाण. रिअ‍ॅक्टच्या शिकवण्यांत वजनाच्या चौकटीला ‘ऑनचेंज’ लावलेले असते आणि तेथे प्रत्येक अक्षर टंकताच ते चालते. ब्राउझरचा मूळ नियम निराळा आहे : मजकुराच्या चौकटीत ‘चेंज’ ही घटना टंकन संपवून चौकटीबाहेर गेल्यावर घडते आणि प्रत्येक अक्षरासाठीची घटना ‘इनपुट’ ही आहे. प्रिअ‍ॅक्ट मूळ नियमाने चालत असल्याने तेथे ‘ऑनइनपुट’ लिहावे लागते. हे माहीत नसलेला मुलगा वजन टाकतो, रक्कम हलत नाही, आणि तो सरळ प्रिअ‍ॅक्टलाच नावे ठेवतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. भावांची यादी स्टेटमध्ये ठेवली आणि तिच्यातच नवा माल घुसवून तीच यादी किल्लीने परत दिली, तर पान बदलत नाही. मुनीम फक्त एवढेच पाहतो की हातात आलेला कागद नवा आहे की जुनाच. जुन्याच कागदावर खाडाखोड करून दिलीत, तर तो ‘हा तर तोच’ म्हणून बसून राहतो. म्हणून जुन्या यादीची नक्कल करून, तिच्यात भर घालून, नवी यादी द्यायची.

तिसरी गोष्ट ओळखीच्या खुणेची. यादीतल्या प्रत्येक ओळीला ‘की’ नावाची स्वतंत्र खूण द्यावी. यार्डात पोत्यांच्या थप्प्यांवर खूण नसेल आणि कोणी त्यांची जागा बदलली, तर कोणती थप्पी कोणाची यावरून वाद होतोच. ‘की’ नसेल तर ओळींचा क्रम बदलल्यावर तुरीसाठी भरलेले वजन सोयाबीनच्या ओळीत उभे राहिलेले दिसू शकते. खूण म्हणून ओळीचा क्रमांक देऊ नये, कारण क्रमच बदलणार असतो. मालाचे नाव द्यावे.

याशिवाय यूजस्टेट आणि तत्सम फंक्शने, ज्यांना हुक्स म्हणतात, ‘जर-तर’च्या आत बोलवायची नसतात, कारण प्रिअ‍ॅक्ट त्यांना नावाने नाही, तर क्रमाने ओळखते. आणि सार्वजनिक साठ्यावरून प्रिअ‍ॅक्ट व हुक्स वेगवेगळ्या पत्त्यांवरून आयात केले, तर कधी कधी प्रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती पानात येतात, एकीला दुसरीचा पत्ता नसतो आणि हुक्स अनाकलनीय चूक दाखवतात. सगळे एकाच ठिकाणाहून, एकाच आवृत्तीचे घ्यावे.

मराठी आकड्यांचे काय?

मामांच्या पानाची खरी परीक्षा येथे झाली. एका शेतकऱ्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता. त्यांनी चौकटीत ‘१२’ असे देवनागरीत टाकले आणि रकमेच्या जागी ‘एनएएन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’, अशी रोमन अक्षरे उमटली. जावास्क्रिप्टला मजकुरातून संख्या काढताना फक्त इंग्रजी अंक कळतात. सुरुवातीला उल्लेख केलेल्या घाईच्या खुणांपैकी मी हिला धरतो. उपाय अवघड नाही : हिशोबाआधी प्रत्येक देवनागरी अंकाच्या जागी इंग्रजी अंक ठेवणारे चार ओळींचे फंक्शन लिहावे आणि वजन त्यातून गाळून घ्यावे.

उलट दिशेची सोय मात्र ब्राउझरमध्ये आयती आहे. ‘इंटल’ या अंगभूत सुविधेला मराठी-भारत ही खूण दिली की ती ६३९३६ची मांडणी देवनागरी अंकांत, आणि एक लाखापुढच्या रकमेला आपल्या पद्धतीने लाख-कोटींचे स्वल्पविराम घालून करून देते. त्यासाठी वेगळी लायब्ररी जोडलेली मी पाहिली आहे, आणि ती प्रिअ‍ॅक्टच्या अनेक पट मोठी होती.

“फोर-जी आहे, चाळीस किलोबाइटने काय बिघडते?”

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर अर्धेच माझ्या बाजूने आहे. पानावर दुकानाचा एक न दाबलेला फोटो टाकला, तर लायब्ररीत वाचवलेले सगळे बाइट एका क्षणात खर्ची पडतात. देवनागरी फाँटचेही तसेच. जोडाक्षरांच्या आकृत्यांमुळे त्याची फाइल रोमन फाँटपेक्षा बरीच मोठी असते. तीन जाडींचे तीन फाँट लावायचे आणि प्रिअ‍ॅक्टच्या हलकेपणाचे कौतुक करायचे, हा विनोद आहे. फोनमध्ये आधीच असलेला फाँट वापरावा.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग असा, की जावास्क्रिप्टचा किलोबाइट आणि फोटोचा किलोबाइट यांची किंमत सारखी नसते. फोटो उतरला की दाखवून मोकळे होता येते. जावास्क्रिप्ट उतरल्यावर ते वाचावे लागते, समजून घ्यावे लागते, चालवावे लागते आणि हे सगळे फोनच्या प्रोसेसरला करावे लागते. बांधावर उभे राहून, नेटवर्कची एकच कांडी असताना, चार वर्षांपूर्वीच्या स्वस्त फोनवर भाव पाहणाऱ्याला हा फरक जाणवतो. छत्रपती संभाजीनगरात वायफायवर बसून चाचणी घेणाऱ्याला जाणवत नाही. म्हणूनच मी त्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट करायला लावली : सकाळचे भाव साध्या एचटीएमएलमध्ये आधीच लिहून ठेवायचे आणि प्रिअ‍ॅक्ट आल्यावर त्याने ताबा घ्यायचा. लायब्ररी पोहोचलीच नाही, तरी भाव दिसतातच. फक्त रक्कम काढता येत नाही.

“मग साधे जावास्क्रिप्टच का नको?”

पानावर केवळ भावांचा तक्ता असेल आणि तो दिवसातून एकदाच बदलत असेल, तर साधे जावास्क्रिप्टसुद्धा नको. एचटीएमएल पुरे आहे. एक चौकट आणि एक रक्कम असेल, तर साधे जावास्क्रिप्ट पुरे आहे. एकाच माहितीवर पानातल्या तीन-चार जागा अवलंबून राहू लागल्या, की चिठ्ठीवाला मुनीम ठेवणे परवडते. आणखी एक फायदा सुरक्षेचा आहे. पानात मजकूर घालण्यासाठी नवशिके ‘इनरएचटीएमएल’चा आधार घेतात, त्यातून कोणी नावाच्या जागी लबाडीचा कोड पाठवला, तर तोही पानात शिरू शकतो. प्रिअ‍ॅक्ट आलेल्या मजकुराला मजकूरच मानते. याचा अर्थ ते निर्दोष आहे असा नाही. दोष लहान कोडमध्येही सापडतात आणि नव्या आवृत्त्या घेत राहावेच लागते. मात्र डिसेंबरातली ती त्रुटी ज्या भागात होती, तो भाग प्रिअ‍ॅक्टमध्ये मुळातच नाही.

शिवाय प्रिअ‍ॅक्टचा गाभा दुसऱ्या कोणत्याही पॅकेजवर विसंबलेला नाही. मार्च २०१६मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यातून काढून घेतले आणि जगभरातले असंख्य प्रकल्प तयार होईनासे झाले, कारण कोणाच्या तरी आधाराच्या आधाराला ते पॅकेज लागत होते. एकच फाइल उतरवून आपल्या फोल्डरात ठेवणाऱ्याला ही काळजी राहत नाही.

“पुण्यात मुलाखतीला प्रिअ‍ॅक्ट कोण विचारतो?”

नांदेड असो की परभणी, प्रत्येक वर्गात हा प्रश्न येतोच, आणि तो विचारणारी मुले चुकत नाहीत. जाहिरातींत रिअ‍ॅक्टचे नाव असते आणि नोकरीसाठी रिअ‍ॅक्ट शिकावेच लागेल. पण कंपोनंट, प्रॉप्स, स्टेट, हुक्स, ‘की’ हे सारे दोन्हींकडे एकच आहे. प्रिअ‍ॅक्टवर हात बसलेल्या मुलाला रिअ‍ॅक्टकडे जाताना नव्याने शिकावे लागते ते थोडेच : ऑनचेंजची वर सांगितलेली वागणूक, ‘क्लास’ऐवजी ‘क्लासनेम’ लिहिणे आणि सर्व्हरकडचा भाग. उलट, मोठ्या सांगाड्यात पहिल्या दिवशी शिरलेल्या अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही की रिअ‍ॅक्टने केलेले काम कोणते आणि भोवतालच्या साधनांनी केलेले कोणते. प्रिअ‍ॅक्टचा मूळ कोड एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याला सुट्टीत वाचून काढता येतो. मी तो वाचायला सांगतो. सगळे वाचत नाहीत.

पान मोठे झाले तर

मामांना पुढे दहा मालांचे भाव, महिन्याचा आलेख आणि शेतकऱ्यांची नोंद हवी झाली, तर एक फाइल अपुरी पडेल. त्या वेळी नोड आणि प्रकल्पाच्या फाइली बांधून देणारे व्हीट ही साधने घेऊन प्रिअ‍ॅक्टचा रीतसर प्रकल्प उभा करता येतो आणि तेथे जेएसएक्स वापरता येते. रिअ‍ॅक्टसाठी लिहिलेली एखादी आलेखाची लायब्ररी हवी असेल, तर ‘कॉम्पॅट’ नावाचा थर ‘रिअ‍ॅक्ट’ या नावाखाली प्रिअ‍ॅक्टला उभे करतो आणि बहुतेक वेळा त्या लायब्ररीला फरक कळत नाही. २०२२ साली आलेले ‘सिग्नल्स’ही तेव्हा पाहावेत, त्यांत एखादे मूल्य बदलले की ते जेथे वापरले आहे तेवढीच जागा बदलते, म्हणजे मुनिमाला संपूर्ण चिठ्ठीसुद्धा लिहावी लागत नाही.

त्या विद्यार्थ्याचे पान अद्याप एकाच फाइलमध्ये आहे. गेल्या आठवड्यात त्याने विचारले की शेतकरी वजन क्विंटलमध्ये न सांगता कट्ट्यांत सांगतात आणि सगळे कट्टे सारख्या वजनाचे नसतात, तर काय करावे. मी त्याला दुसरी चौकट जोडायला सांगितले : एका कट्ट्याचे वजन किती किलो.